चढवलेले शटर

कॅमेऱ्याचा निकाल येत्या रविवारी लावून टाकू, असे आईने तिन्ही मुलांना फोनवर वेगवेगळे सांगितले होते. आणि ते अशा बेताने सांगितले होते, की निकाल आपल्याच बाजूने लागणार असे प्रत्येकाला वाटावे. परिणामी तिघेही ठरल्या वेळी हजर झाले. बाबा गेल्यापासून हे प्रथमच घडत होते.

दादा सर्वांच्या आधी पोचला. त्याच्या काखेत कापडात गुंडाळलेली लाकडी पेटी होती आणि मागोमाग, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, त्याची बायको येत होती. पेटी त्याने स्वतःच्या हातांनी केली होती. आतून मऊ बनातीचे अस्तर, कोपऱ्यांत ओल शोषणाऱ्या पुड्यांसाठी कप्पे, आणि झाकण इतके नेमके, की मिटताना आतली हवा हलका उसासा टाकून बाहेर पडे. निवृत्त होईपर्यंत तो एका यंत्रांच्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख होता. त्याची सही झाल्याशिवाय तिथून साधा स्क्रूसुद्धा बाहेर जात नसे. भावंडे पाठीमागे त्याला मायक्रोमीटर म्हणत. आणि चहाच्या दुसऱ्या कपानंतर तोंडावरही.

"हे काय आणलंस?" आईने खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसल्याबसल्याच विचारले.

"कॅमेऱ्यासाठी पेटी. मापानं केलीय."

"बाजारात तुरी!" आई म्हणाली. "अजून निकाल लागलेला नाही."

"निकाल कसाही लागो. पेटी तयार असायला काय हरकत आहे?"

"हरकत आम्हाला होती," वहिनी धापा टाकत आत येत म्हणाली. "तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर भुसा होता, आई. पोळीला लागायचा. म्हटलं, कॅमेरा नाही मिळाला तर यात मला तरी ठेवा."

"तू मावणार नाहीस," दादा गंभीरपणे म्हणाला. माप चुकीचे निघालेले त्याला थट्टेतसुद्धा खपत नसे.

घर दुसऱ्या मजल्यावर होते आणि बाबांचा स्टुडिओ तळमजल्यावर. आता तो धाकटी चालवत होती. गिऱ्हाइकाला वाटेला लावून हात पुसतच ती वर आली. वकील, म्हणजे मधला भाऊ, सर्वांत शेवटी आला. आपण बिस्किटे आणली आहेत, तेव्हा उशीर हा उशीर धरू नये, अशी त्याने दारातच बाजू मांडली.

धाकटीला कॅमेरा कामासाठी हवा होता. फिल्मवर काढलेली छबी मागणारी गिऱ्हाइके पुन्हा येऊ लागली होती आणि दर वेळी भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याने काम करताना तिला आपल्याच घरात पाहुणे झाल्यासारखे वाटे. वकिलाला कॅमेरा नको होता. त्याला फक्त खटला हवा होता. आणि दादाला? दादाला विचारले असते तर त्याने 'देखभालीसाठी' असे उत्तर दिले असते. पण देखभाल हे त्याच्या इच्छेचे कार्यालयीन नाव होते. बाबांनी तो कॅमेरा धाकटीच्या हाती ती शाळेत असतानाच दिला होता. दादाच्या हाती कधीच दिला नाही. "तुझे हात सोन्याचे आहेत," ते म्हणत, "पण तुझं लक्ष स्क्रूकडे असतं. समोर कोण आहे याकडे नसतं." हे वाक्य ते हसत हसत म्हणत, आणि तसल्याच वाक्यांना उत्तर देता येत नाही.

"माझा एकच प्रश्न आहे," चहाचे कप वाटून झाल्यावर आई म्हणाली. "कॅमेरा कपाटात ठेवायचा तो शटर चढवून की उतरवून? ज्याचं उत्तर मला पटेल, त्यानं तो न्यावा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. या घरात हा वाद कपाटाइतकाच जुना होता. कॅमेरा ठोकळ्यासारखा चौकोनी. वरच्या काचेत मान खाली घालून पाहायचे. आत रुंद फिल्म आणि तिच्यावर बारा चौकोनी फोटो. उजव्या बाजूची चावी एक फेरा फिरवली की दोन कामे एकदम होत. फिल्म एक फ्रेम पुढे सरके, आणि शटरची स्प्रिंग ताणली जाऊन शटर चढे. मग खटका दाबून उतरवेपर्यंत ते तसेच दबा धरून बसे. फोटो काढला की लगेच चावी फिरवायची आणि कॅमेरा शटर चढवलेल्या अवस्थेतच कपाटात ठेवायचा, असा बाबांचा शिरस्ता होता. दादाला तो कधीही मान्य झाला नव्हता.

"स्प्रिंग ही वस्तू आपण समजून घेतली पाहिजे," दादाने सुरुवात केली.

"समजून घ्या सगळे," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे रोज समजून घेतात. बॉलपेन खिशात ठेवताना टोक आत गेलंच पाहिजे. का, तर स्प्रिंगला विश्रांती. कपड्यांचे चिमटे बिस्किटांच्या पुड्याला लावायचे नाहीत. स्प्रिंग थकते. मी रात्रंदिवस उभी असते, त्याचं काही नाही."

"अगं, तू काय पोलाद आहेस का?"

"नाही कशी? इतकी वर्षं टिकले ना!"

वकील मोठ्याने हसला. पण दादाच्या गाडीतून त्याला परत जायचे होते, म्हणून त्याने हसू आवरून न्यायाधीशाची मुद्रा धारण केली. "दादाच्या म्हणण्यात तथ्य आहे. ताणलेली वस्तू कायम ताणलेली ठेवली तर तिचा जोर जाणारच. मला तर हे बिनतोड वाटतं."

"तुला दर वेळी पहिला बोलणारा बिनतोड वाटतो," धाकटी म्हणाली. "आता माझं ऐक. या कॅमेऱ्याची लेन्स निघते. लेन्स आणि धड, दोन्ही चढवलेली असतील तरच ती एकमेकांत नीट बसतात. एक चढवलेलं आणि दुसरं उतरवलेलं असलं, की दातात दात अडकून कॅमेरा ठप्प होतो. कारखान्यानंच तो चढवून ठेवायला म्हणून बनवलाय. स्प्रिंगही त्या हिशोबानंच घातलीय. बाबांनी आयुष्यभर चढवून ठेवला, कधी दुरुस्तीला गेला?"

"आता हेही बिनतोड आहे," वकील म्हणाला आणि बिस्किटांची बशी धाकटीकडे सरकवली.

"आजवर गेला नाही म्हणून उद्या जाणार नाही, हे कुठलं अनुमान?" दादा म्हणाला. "बारा महिने ताणून धरलेली स्प्रिंग म्हणजे—"

"बारा महिने उंबरठ्यावर एक पाय उचलून उभा असलेला पाहुणा," वहिनीने वाक्य पुरे केले. "आम्हाला पाठ आहे. पण मी धाकटीच्या बाजूची. पाहुणा हवाच तर तयारीत उभा असावा. आपण जेवायला वाढावं आणि तो अंथरुणात, असं नको."

"तू माझी बायको आहेस!"

"म्हणून तर स्प्रिंगविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे."

 स्टुडिओच्या भरभराटीच्या काळात निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने गिऱ्हाइकांचे डाग आणि सुरकुत्या पुसण्याचे काम आईकडे असे. त्या कामाने तिला एक सवय लागली होती. चेहऱ्याकडे बराच वेळ, त्याला जाणवू न देता, पाहत राहायची. ती आता थोरल्याकडे तशी पाहत होती.

"मुद्देमाल हजर करा," वकील म्हणाला. "सध्या कॅमेरा कसा आहे ते बघू. चढवलेला असेल आणि नीट चालत असेल, तर धाकटीचा मुद्दा शाबीत."

"चढवलेला नाहीये तो," दादा शांतपणे म्हणाला. "उतरवलेलाच आहे. आणि व्यवस्थित आहे."

धाकटी उठून कपाटापाशी गेली. कापडी पिशवीतून कॅमेरा काढून तिने तो उजेडात धरला, शटरची खूण दाखवणारी बाजूची छोटी खिडकी पाहिली आणि मान हलवली. "चढवलेला आहे."

"अशक्य!" दादा म्हणाला. "गेल्या महिन्यात मी स्वतः—"

 वकिलाने कप खाली ठेवला. अशा क्षणासाठीच माणूस वकील होतो.

"पुढे बोला, साक्षीदार. गेल्या महिन्यात आपण स्वतः काय?"

"उतरवला."

"गेल्याच महिन्यात?"

"दर महिन्याला," दादा म्हणाला. खोटे बोलायचे त्याच्या मनातही आले नाही. फक्त उत्तर शक्य तितके लहान ठेवावे, एवढेच आले. "पहिल्या रविवारी आईला भेटायला येतो तेव्हा. काढायचा, टेबलावर ठेवायचा, खटका दाबायचा, परत ठेवायचा. चहा निवेपर्यंत होऊन जातं."

"तरीच!" वहिनी म्हणाली. "मला वाटायचं, आईच्या मायेनं येतात."

"मायेनंच येतो. हे जोडकाम."

सगळे हसले. धाकटी मात्र हसली नाही. तिने कॅमेरा उलटा करून फिल्मच्या मागच्या डबीवरचा, कितवा फोटो ते सांगणारा आकडा पाहिला होता आणि ती खालच्या ओठाला दात लावून उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "यात फिल्म आहे."

"असेल कशी? बाबा तीनतीनदा दिवा बंद केलाय का बघायचे. ते कॅमेऱ्यात फिल्म सोडून—"

"त्यांनीच सोडलीय. त्यांची शेवटची. आकडा चारवर होता. तीन फोटो काढून ते दवाखान्यात गेले. मला माहीत होतं. धुवायला काढायची म्हटलं, की हात पुढे जायचा नाही. वाटायचं, तीन काढलेत, बाकीच्या जागा त्यांच्या आहेत. राहू देत तशाच." तिने आकड्यावर बोट ठेवले. "आता बारावर आहे."

ही फिल्म आत आहे हे ज्याला त्याला ठाऊक असणार, असे धाकटीने धरून चालले होते. आणि नसणार, असे दादाने. घराण्यातल्या बहुतेक चुका अशाच धरून चालण्यातून झाल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातील उणीव शोधलेल्या त्या माणसाने स्वतः एकदाही मागच्या डबीवरचा आकडा वाचला नव्हता. त्याचे लक्ष स्क्रूकडे होते.

"मी खराब केली?" त्याने विचारले.

"बाबांचे तीन शाबूत असतील. एकावर दुसरा उमटू शकत नाही. पण मधल्या आठ जागा तू खर्च केल्यास. स्प्रिंगच्या विश्रांतीसाठी!" तिचा आवाज चिरकला. "निदान एक शब्द विचारायचास."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग!"

वकिलाने चटकन बाजू बदलली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले, की तो नेहमीच तिच्या पक्षात जाई. "थांबा. माझा एक तांत्रिक मुद्दा आहे. तू दर महिन्याला उतरवायचास, कबूल. मग पुढच्या महिन्यात तो पुन्हा चढवलेला कसा सापडायचा? नवल नाही वाटलं?"

"मला वाटलं, धाकटी चढवते. म्हणून तर मी नेमानं उतरवत होतो."

"मी वर्षभर या कपाटाला हात लावलेला नाही," धाकटी म्हणाली.

सर्वांच्या माना एकाच वेळी खिडकीकडे वळल्या.

"मी चढवत होते," आई म्हणाली.

"तू? कशाला?"

"घरचा रिवाज आहे. फोटो काढला की चावी फिरवायची. तू गेलास की मी उठून फिरवायची. जड फिरायची. फिल्म आत असली की जड फिरते, एवढं तरी मला कळतं." तिने शालीचे टोक सारखे केले. "मला वाटलं, तू माझे फोटो काढतोयस."

धाकटीने आकड्यावरचे बोट काढून घेतले.

"वाटणार नाही तर काय? टेबल तिथं, खुर्ची इथं. तू यायचास, कॅमेरा टेबलाच्या कडेला अगदी सरळ रेषेत लावायचास, वाकून काचेत बघायचास आणि खटका दाबायचास. समोर मी. मला सांगायचा नाहीस. म्हटलं, लाजतोय. लहानपणापासून असाच आहे. तुझे बाबा गेल्यावर माझा फोटो काढावा असं कुणाला वाटलं नव्हतं. निदान याला वाटतंय. तिसऱ्या खेपेपासून मी केस विंचरून बसायला लागले."

वहिनीने तोंड उघडले आणि काही न बोलता मिटले. तिच्या संसारात असे फार थोड्या वेळा घडले होते.

"तसंच होतं, आई," वकील घाईने म्हणाला. "आमचा दादा लाजतो, म्हणून स्प्रिंगचं निमित्त सांगतोय. हो की नाही रे?"

वकिलाने सुटकेचे दार उघडून दिले होते. नुसते 'हो' म्हटले असते तर आईचे आठही महिने शाबूत राहिले असते, धाकटीचा रागही निम्मा झाला असता आणि कदाचित कॅमेराही पेटीत येऊन बसला असता. दादाने आईकडे पाहिले. तिच्या नजरेत आर्जव नव्हते. ती केवळ वाट पाहत होती. पण जो माल आपण तपासलेला नाही त्याच्यावर सही करणे त्याला आयुष्यात जमले नव्हते, आणि ते आज आईच्या बाबतीत जमवावे हे त्याला फार हलके वाटले.

"नाही, आई," तो म्हणाला. "मी स्प्रिंग बघत होतो."

"मी इतकी समोर बसलेली असून?"

"दिसत होतीस. काचेत डाव्याचं उजवं होऊन दिसत होतीस."

"मग काय वाटायचं?"

दादाने खरोखर आठवून पाहिले. "काही नाही. आई बसलीय, एवढंच."

"बरं," आई म्हणाली, आणि रिकामा कप उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "चला, निदान दिसत तरी होते."

हे ती थट्टेने म्हणाली. पण त्या थट्टेला नेहमीचा जोर नव्हता, आणि ती गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला कळली. दादा पेटीच्या झाकणावरून उगाच हात फिरवत राहिला. कॅमेरा कुणाकडे जाणार हा प्रश्न त्याच्या मनातून इतक्या पूर्णपणे निघून गेला होता, की पेटी कशासाठी आणली हेसुद्धा त्याला क्षणभर आठवेना.

शेवटी धाकटीच पुढे आली. राग तिच्या चेहऱ्यावर होताच. तो तसाच ठेवून तिने कॅमेरा भावाच्या हातांत दिला. जन्मात प्रथमच कुणीतरी तो त्याच्या हातांत देत होते.

"एक जागा उरलीय. आकडा बारा आहे, म्हणजे बारावी अजून कोरी आहे. आणि आईनं शटर चढवून ठेवलंय. काढ. आता तरी बघून काढ."

"मी? तू काढ. हे तुझं काम आहे."

"मी रोज काढते. तू काढ."

दादा उठला. प्रथम त्याने टेबल आणि खुर्ची यांच्यातील अंतर पावलांनी मोजले. मग खिशातून टेप काढली.

"अहो, पडदे शिवायचेत का आईंना?" वहिनीला वाचा फुटली.

"अंतर नेमकं नको?"

"उजेडही मोजा. हवेचा दाब बघा. तोवर आई शंभरीला पोचतील."

"मी काय बॉयलर आहे का रे, सगळ्या बाजूंनी तपासायला?" आई म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या.

दादाने टेप खिशात टाकली. कॅमेरा टेबलाच्या कडेला सरळ रेषेत लावला आणि वाकून काचेत पाहिले. आई तिथे होती. खिडकीचा उजेड तिच्या एका गालावर पडला होता, कानामागे विंचरताना राहून गेलेली एक बट होती आणि गळ्याखालची शीर हलत होती. हे सगळे मागल्या खेपेला होते का? गेल्या आठही खेपांना होते का? लांबून नीट दिसेना, म्हणून त्याने कॅमेरा उचलून छातीशी धरला आणि दोन पावले पुढे गेला. मग आणखी एक.

"आता मांडीवर बसतोस का?" आई म्हणाली.

त्याने खटका दाबला. एवढा मोठा आवाज या कॅमेऱ्याचा होतो, हे त्याच्या ध्यानात कधीच आले नव्हते.

जेवणे होईपर्यंत फिल्म धुऊन वाळली होती. मग सगळे मिळून खाली स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत उतरले. आई वकिलाचा हात धरून, एकेका पायरीला नावे ठेवत. धाकटीने बाराही चौकोन एकाच कागदावर छापले होते. तो ओला कागद तिने काचेवर पसरला, वरचा दिवा लावला आणि भिंग आधी आईकडे दिले.

पहिल्या तीन चौकोनांत एक रिकामी खुर्ची होती. खिडकीपाशी, त्याच जागी. तिन्हींत तीच.

"हे काय?" धाकटी म्हणाली. वर्षभर देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या त्या तीन फोटोंकडे ती अविश्वासाने पाहत राहिली. "बाबांनी खुर्चीचे फोटो काढले?"

"अरे, हो की!" आईने भिंग कागदाला जवळजवळ टेकवले. "मी बसले होते तिथं. मला उठवलं. म्हणाले, जरा बाजूला हो, शटरची चाचणी घ्यायचीय, माणूस हलतं, खुर्ची हलत नाही. मी रागावून आत गेले. बघा, माझ्याविना किती हौसेनं काढलेत! तीन-तीन!"

आधी वहिनी हसली, मग वकील, आणि शेवटी डोळे पुसत धाकटीसुद्धा. दादा मात्र भिंग घेऊन वाकला होता.

"चाचणी म्हणजे, बाबांनाही स्प्रिंगची शंका होती," तो विजयी स्वरात म्हणाला.

"आणि निकाल काय लागला?" धाकटीने विचारले. "अशा चाचणीत ते दर वेळी वेग बदलायचे, त्या मानानं लेन्सचं भोक लहानमोठं करायचे. स्प्रिंग थकली असती तर तिन्ही कमीजास्त काळे आले असते. बघ नीट. तुझंच काम आहे हे."

दादाने नीट पाहिले. तपासणी विभागाच्या प्रमुखाने पाहावे तसे, एकेक कोपरा धरून पाहिले. मग सरळ उभा राहिला.

"तिन्ही सारखे आहेत," तो म्हणाला. "इतकी वर्षं चढवून ठेवूनही. स्प्रिंग ठणठणीत आहे." त्याने घसा साफ केला. "कॅमेरा धाकटीकडे राहावा. चढवून ठेवलेला. पेटीही तिलाच."

"हे लेखी द्या," वहिनी म्हणाली. "फ्रेम करून आमच्या जेवणाच्या टेबलावर लावते."

"आई, तुझा निकाल?" वकिलाने विचारले.

"त्यानं दिला तोच. मला कशाला विचारता?" आई पुढचे चौकोन पाहण्यात गढली होती.

ते आठही फोटो स्वच्छ होते. बाबांनी चाचणीसाठी जे काही लावून ठेवले होते ते तसेच राहिले होते आणि कॅमेरा दर वेळी त्याच टेबलावर, त्याच रेषेत. पहिल्यात आई मटार सोलत होती. दुसऱ्यात जांभई देत होती. त्यापुढच्यांत ती नीटनेटकी बसली होती. मान ताठ, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर 'मला काही माहीतच नाही' असा आव. शेवटच्या दोहोंत तर ती सरळ कॅमेऱ्यात पाहून हसत होती. धाकटीने ते पाहून हळूच शीळ घातली. "दादा, इतके चांगले मीही काढले नसते."

"मी काढलेच नाहीत," दादा म्हणाला.

बारावा फोटो सकाळचा. तो हललेला होता. खिडकीची चौकट दुहेरी झाली होती, शाल वितळल्यासारखी दिसत होती आणि आईचा चेहरा कुठे सुरू होतो व कुठे संपतो याविषयी मतभेद होऊ शकले असते. दादाने तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

"भिंतीवर लावायला कुठला मोठा करू?" धाकटीने विचारले. "मला हा दहावा आवडला. बघ, काय ऐटीत बसलीयस!"

"हा कर," आई म्हणाली. तिचे बोट बाराव्यावर होते.

"आई, हा हललाय. फोकससुद्धा गेलाय."

"दिसतंय मला. निगेटिव्ह घासण्यात माझे डोळे गेलेत, तू मला फोकस शिकवू नकोस."

"मग हाच का?"

"त्या आठ वेळा याला स्प्रिंग दिसत होती," आई म्हणाली. "या वेळी हात कापला."

 धाकटीने बाराव्या फोटोची निगेटिव्ह फोटो मोठा करण्याच्या यंत्रात सरकवली, कागदाचे पाकीट जवळ ओढले आणि वरचा दिवा मालवला. खोलीत तांबडा उजेड तेवढा उरला. त्यात पाचही जण दाटीवाटीने उभे होते, आणि कुणीतरी दोनदा नाक ओढले.

"कोण ते?" वकिलाने विचारले.

"इथं रसायनाचा वास फार आहे," मायक्रोमीटर म्हणाला.